फिजिओथेरपिस्ट लिहीत का नाहीत? आणि एकमेकांचं वाचत का नाहीत?

मृण्मयी
धागा मुख्यतः फिजिओथेरपिस्ट मंडळींसाठी काढतेय, पण ज्यांनी कधी उपचार घेतलेत त्यांनीही जरूर लिहावं.

आपल्या पेशात एकेका पेशंटबरोबर जितका वेळ जातो तितका वैद्यकातल्या फार थोड्या शाखांत जातो. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून दोन-तीनदा, कधी कधी महिनोन्महिने. पक्षाघातानंतर बोट पहिल्यांदा हलतं तेव्हा समोर आपण असतो. आखडलेला खांदा नेमका कुठे अडतो, कुठल्या सूचनेने गुडघा आत वळायचा थांबतो, कोणता व्यायाम पेशंट घरी हमखास टाळतो, हे सगळं आपल्याला माहीत असतं. आणि मग ते जातं कुठे? केस पेपरवर. तिथे लिहिलेलं असतं, 'व्यायाम चालू ठेवले, वेदना कमी.'

एखादी ज्येष्ठ सहकारी निवृत्त होते तेव्हा तिच्याबरोबर तीस-पस्तीस वर्षांचं निरीक्षण निघून जातं आणि तिच्या जागी आलेली मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. मला हे मनापासून लागतं.

माझं मत सरळ आहे. प्रत्येक फिजिओने नियमित लिहावं आणि बाकीच्यांचं लिहिलेलं वाचावं. शोधनिबंधच हवा असं अजिबात नाही. एका पेशंटवरचं टिपण, वाचलेल्या पेपरवर पानभर मत, पेशंटसाठी साध्या भाषेतली समजावणी, काहीही चालेल. तुम्ही लिहिता का? नसाल तर अडतं कुठे?

साधना_क
अडतं वेळेत. सकाळी आठला पहिला पेशंट, संध्याकाळी उशिरा शेवटचा, मध्ये नोंदी. रात्री पुन्हा टाच आणि घोटा यांवर लिहायला बसायचं त्राण राहत नाही.

नवशिकी
मी इंटर्न आहे. लिहावंसं खूप वाटतं. पण सर-मॅडम वाचतील आणि राउंडला सगळ्यांसमोर विचारतील, 'हे कुठून आणलंस?' म्हणून वहीतच राहतं.

अस्थिपंजर
मृण्मयी, कळकळ पोचली, पण माझा आक्षेप नोंदवतो. लिहिणारे कमी आहेत ही अडचण मला वाटत नाही. हल्ली जो तो 'माझ्या पद्धतीने कंबरदुखी बरी' म्हणून लिहितोय, अडचण ती आहे.

पेशंट आपल्याकडे केव्हा येतो? दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा. त्यानंतर तुम्ही काहीही करा, अगदी काही नाही केलंत तरी, बहुतेक वेळा ते थोडं उतरणारच. अचानक उद्भवलेली कंबरदुखी बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपोआपच खूप कमी होते. मग त्या काळात जे केलं असेल त्याला श्रेय जातं. टेप लावली असेल तर टेपला, सुया टोचल्या असतील तर सुयांना. असे अनुभव शंभर जणांनी लिहिले तर शंभर गैरसमज पक्के होतील. आधी वाचायला शिका, मग लिहा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

मृण्मयी
सर, दुखणं आपोआप उतरतं हे शंभर टक्के मान्य. पण 'आधी वाचा, मग लिहा' हा क्रम मला पटत नाही. लिहायला बसलं की मगच कळतं आपण काय वाचायला हवं. 'अल्ट्रासाउंडने (म्हणजे ध्वनिलहरींच्या उपचाराने) सूज उतरली' असं वाक्य कागदावर उतरवलं की हात थांबतो. कशावरून? तिथून वाचन सुरू होतं. नुसतं मनात ठेवलं तर हा प्रश्न पडतच नाही.

पायवाट
मी फिजिओ नाही, पेशंट आहे. माझा अनुभव सांगते.

कंबरदुखीसाठी एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज', 'डिजनरेशन' (मणक्यांमधली गादी फुगणं, झिजणं) असे शब्द. वाचून इतकी धास्ती घेतली की खाली पडलेला रुमाल उचलायलाही गुडघे टेकून बसायचे. वाकलं की मणका निसटेल असंच डोक्यात बसलं होतं. माझ्या फिजिओने तपासणी केली आणि जाताना एक पान हातात दिलं, तिने स्वतः लिहिलेलं. त्यात होतं की ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय काढले तरी विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसते आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांत. केस पिकतात तसंच मणक्यांचं आहे, पिकलेले केस दुखत नाहीत, असं एक वाक्य होतं.

ते पान मी आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरत होते. तिने हेच तोंडी सांगितलं असतं तर घरी पोचेपर्यंत निम्मं विसरले असते. तेव्हा कृपा करून लिहा. वाचणारे फक्त तुमच्या पेशातले नसतात.

तळटीप
पायवाट, प्रतिसाद फार आवडला. तुमच्या फिजिओने दिलेले आकडे २०१५ मधल्या एका आढाव्यातले आहेत. त्यात ३३ अभ्यासांमधल्या, दुखणं नसलेल्या ३११० माणसांची माहिती एकत्र केली होती. त्यांनी पेपर वाचला, त्यातलं मोजकं निवडलं आणि समोरच्या माणसाला वापरता येईल असं लिहिलं. मृण्मयी म्हणताहेत ते वाचणं आणि लिहिणं एकाच पानावर आलं.

साधना, वेळेबद्दल. सगळी नियतकालिकं चाळायची गरज नाही. पेड्रो नावाचा फिजिओथेरपीचा मोफत डेटाबेस आहे, १९९९ मध्ये सिडनीत सुरू झाला. फक्त आपल्या विषयातले प्रयोग, आढावे आणि मार्गदर्शक सूचना तिथे मिळतात. प्रत्येक प्रयोगाला १० पैकी गुणही दिलेले असतात, म्हणजे कुठला पेपर किती गांभीर्याने घ्यायचा याचा अंदाज येतो. आठवड्याला एक पेपर वाचायचा म्हटलं तरी खूप झालं.

साधना_क
धन्यवाद. पेड्रो कॉलेजात ऐकलं होतं, परीक्षा झाल्यावर कधी उघडलंच नाही.

पण एक सांगते. वाचून अडचण वाढते. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या सूचनांमध्ये कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, टेन्स आणि इंटरफेरेन्शिअल (दोन्ही विजेच्या सौम्य प्रवाहाचे उपचार), ट्रॅक्शन (कंबर ताणणं) यांपैकी काहीही देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. आता हे वाचून मी कामावर जाते. तिथे चारही यंत्रं मांडलेली. पेशंट येतानाच म्हणतो, 'मागच्या वेळी करंट लावला होता, तोच लावा.' मालक म्हणतात, यंत्र पडून का आहे? वाचलेल्याचं करायचं काय?

अस्थिपंजर
साधना, हाच लेख लिहा. अगदी हाच. 'यंत्र मागणाऱ्या पेशंटशी मी कसं बोलते.' कुठल्याही शोधनिबंधात हे सापडणार नाही आणि प्रत्येक फिजिओला रोज लागतं.

कौमुदी
अस्थिपंजर सरांनी दुसऱ्याच प्रतिसादात पक्ष बदलला की काय? :)

अस्थिपंजर
बदलला नाही. 'या उपायाने पेशंट बरा झाला' असे दावे नकोत हे अजूनही म्हणतो. 'मी असं केलं, असं बोललो, पुढे असं घडलं' हे वर्णन हवंच आहे. दावा आणि वर्णन यांत फरक आहे.

तळटीप
सर, वर्णनाचाच मुद्दा पुढे नेतो, कारण माझ्या मते आपल्या पेशातली सगळ्यात मोठी उणीव ती आहे.

१९९८ मध्ये स्वीडनमधल्या अल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी टाचेवरच्या, म्हणजे अकिलीस टेंडनच्या जुनाट दुखण्यावर एक अभ्यास छापला. व्यायाम करणारे पेशंट किती? १५. तुलनेला तेवढेच आणखी. चिठ्ठ्या टाकल्यासारखी रँडम विभागणी नाही. आजच्या निकषांवर किरकोळ अभ्यास. तरी जगभरचे फिजिओ तो व्यायाम शिकले, कारण काय करायचं ते नेमकं लिहिलं होतं. पायरीच्या कडेवर चवडा, चांगल्या पायाने वर, दुखऱ्या पायावर हळूहळू खाली. १५ वेळा, असे ३ सेट. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा वाकवून. दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस, १२ आठवडे. दिवसाला १८० झाले. दुखलं तरी चालेल, हालचाल अशक्य होण्याइतकं दुखू नये. दुखायचं थांबलं की पाठीवर सॅक आणि तिच्यात वजन. हे वाचून कुठलाही फिजिओ दुसऱ्या दिवशी सुरुवात करू शकत होता.

आता आपले केस पेपर बघा. 'स्ट्रेंदनिंग (ताकदीचे व्यायाम) दिलं.' किती? कशाचं? किती वजन? पेशंटने खरोखर केलं का? मोठ्या शोधनिबंधांतही हीच रड आहे. म्हणून २०१६ मध्ये व्यायामाचं वर्णन कसं करावं याची १६ मुद्द्यांची यादी तज्ज्ञांनी तयार केली, सर्ट नावाने ती ओळखली जाते. कुठली साधनं, कोणाच्या देखरेखीखाली, एकेकट्याला की गटात, वाढवायचं केव्हा, सगळं त्यात आहे. लिहायला बसताना ती यादी शेजारी ठेवा.

अस्थिपंजर
अल्फ्रेडसनचं उदाहरण चांगलं आहे, पण गोष्ट तिथे थांबवू नका. २०१५ मध्ये बायर आणि सहकाऱ्यांनी त्याच व्यायामाची जड वजनाच्या, सावकाश व्यायामाशी तुलना केली. तो आठवड्यातून फक्त तीनदा. वर्षभराने दोन्ही गटांचे निकाल सारखेच चांगले. म्हणजे रोज १८० वेळा करण्याची सक्ती गरजेची नव्हती. नेमकं लिहिलेलं होतं म्हणूनच दुसऱ्यांना ते तपासता आलं, हे तुमच्या बाजूने मीच जोडतो.

समीर_
अवांतर, पण इथे जाणकार जमलेत म्हणून विचारतो. क्रिकेट खेळताना पाय मुरगळला. बर्फ लावू की नको? एक म्हणतो लाव, दुसरा म्हणतो अजिबात नको.

कौमुदी
समीर, पाय टेकवून चार पावलंही चालता येत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे काढा. नसेल तर थोडा वेळ बर्फ वेदना कमी करायला चालतो. बरं होणं त्याने लवकर होतं असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

आणि तुमचं अवांतर या धाग्याला चपखल बसतंय. राहवत नाही म्हणून सांगते. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे चार शब्द 'राइस' या इंग्रजी आद्याक्षरांत गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकात बांधले. पुढे ते घरोघरी गेले. मग त्याच मर्किन यांनी पस्तीसेक वर्षांनी आपल्या संकेतस्थळावर लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं लांबू शकतं. ज्याने सूत्र दिलं त्यानेच नवे पुरावे वाचून जाहीरपणे लिहिलं. मला या माणसाबद्दल विलक्षण आदर वाटतो.

२०१९ मध्ये ड्यूबॉ आणि एस्क्युलिये या दोघांनी 'पीस अँड लव्ह' हे नवं सूत्र मांडलं, तेही इंग्रजी आद्याक्षरांचंच. तेही आधी ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या संकेतस्थळावर एक छोटं टिपण म्हणून आलं, छापील संपादकीय पुढच्या वर्षी. पहिल्या दिवसांत पाय जपा, मग लवकर भार द्या, मन उभारीत ठेवा, व्यायाम करा. बर्फाला त्यात जागाच नाही.

समीर_
पीस अँड लव्ह? मुरगळलेल्या पायाला प्रेमपत्र लिहायचं की काय :) चालता येतंय, हाड दुखत नाही. आभार.

वसंत
मी फिजिओ नाही, आयुष्यभर संपादनाचं काम केलं. बायकोच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुमच्या पेशाशी जवळून ओळख झाली, म्हणून धागा वाचला आणि थोडं जुनं शोधलं. १९२१ मध्ये अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट महिलांनी आपली संघटना स्थापन केली. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचं नियतकालिक काढलं आणि पहिल्या अध्यक्षा मेरी मॅकमिलन यांचं पाठ्यपुस्तकही त्याच वर्षी आलं. पेशाला नीट नाव मिळायच्या आधीच या बायका लिहीत होत्या. त्यांनाही दिवसभर पेशंट होतेच.

लिहू इच्छिणाऱ्यांना संपादक म्हणून सांगतो. पहिला मसुदा झाला की पहिला परिच्छेद झाकून वाचा. बहुतेक वेळा लेख दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' हे शब्द दिसले तर बेलाशक कात्री लावा. पेशंट कसा चालत आत आला, ते लिहा.

कौमुदी
वसंतकाका, शेवटचं वाक्य लिहून ठेवलं.

पण त्याच वाक्यावरून मला एक काळजी मांडायची आहे. मी मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांच्या पेशंटबरोबर काम करते. तिथे एकेका पेशंटची गोष्ट इतकी वेगळी असते की नाव गाळलं तरी ओळखू येते. वय, नोकरी, अपघाताची तऱ्हा आणि महिना, एवढ्यावर शेजारीसुद्धा ओळखतील. माझे नियम कडक आहेत. लेखी संमती घ्यायची, आणि उपचार चालू असताना नाही, कारण तेव्हा पेशंटला नकार देणं अवघड जातं. लिहिलेलं आधी त्याला वाचायला द्यायचं. ज्या तपशिलाने उपचार समजायला मदत होत नाही तो काढायचा. चेहरा झाकलेल्या फोटोतही हातावरचं गोंदण दिसतं, हे लक्षात ठेवा. पेशंट म्हणाला नको, तर लेख कितीही चांगला झाला असला तरी नको.

एवढं पाळून लिहिलं तर पेशंटना त्याचा अभिमान वाटतो, हे मी पाहिलंय. एका आजींनी आपल्यावरचं टिपण मला तीनदा वाचून दाखवायला लावलं आणि मग दुरुस्ती सांगितली, 'काठी मी सोडली, तू सोडायला लावली नाहीस.' ती दुरुस्ती मी केली. बरोबरच होती.

नवशिकी
सगळे प्रतिसाद वाचून धीर आला. वहीतलं एक टिपण इथे टाकते. पेशंटची लेखी संमती आहे आणि त्यांनी वाचलंय. कृपया मोकळेपणाने चुका सांगा.

'विशीतला खेळाडू, कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला, गेल्या महिन्यातल्या सामन्यात उजवा घोटा आतल्या बाजूला मुरगळला. आत आला तेव्हा पाय बाहेर वळवून, चवडा न वापरता चालत होता. बाहेरच्या घोट्याच्या पुढे सूज. भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगितलं. डाव्या पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर असतानाही गुडघा टेकला, उजव्याचा फक्त ४ सेंमीपर्यंत. घोट्याचं मोबिलायझेशन (हाताने सांधा हलवून मोकळा करणं) केलं, पिंढरीचे ताण, टाचा उचलणं आणि एका पायावर तोल सांभाळणं दिलं. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पायाचं अंतर ८ सेंमी झालं. चालणं सरळ. पण उडी मारून उजव्या पायावर उतरताना तो अजून बिचकतो, आणि दुखतं का विचारलं तर नाही म्हणतो. या बिचकण्यासाठी मी काय करावं हे मला ठरवता येत नाहीये.'

मृण्मयी
नवशिकी, किती छान! आकडे आहेत, दोन्ही पायांची तुलना आहे आणि शेवटी खरा प्रश्न आहे. तू इथे टाकलंस याचा फार आनंद झाला.

कौमुदी
टिपण आवडलं. 'बास्केटबॉल संघ' आणि 'गेल्या महिन्यातला सामना' दोन्ही काढ, 'उड्या मारायला लागणारा खेळ' पुरेसं आहे. संमती असली तरी.

तळटीप
टाचा उचलणं किती, कुठल्या वेगाने? तोल किती सेकंद, डोळे उघडे की मिटून? हे नसेल तर दुसऱ्याला तुझं काम करून बघता येणार नाही.

अस्थिपंजर
पहिल्या भेटीत फ्रॅक्चर नाही हे कसं ठरवलंस तेही लिही, कौमुदीने समीरला सांगितलं तेच. आणि तीन आठवड्यांत ४ चे ८ सेंमी झाले ते तुझ्या मोबिलायझेशनने की काळानेच, हे या टिपणावरून सांगता येत नाही. तू तसा दावा केलेला नाहीस, हे मला आवडलं.

बिचकण्याबद्दल. न दुखता बिचकतो म्हणजे पायावर विश्वास नाही. आधी दोन पायांनी बुटक्या पायरीवरून उतरू दे, मग एका पायाने, मग चेंडू हातात देऊन. लक्ष चेंडूवर गेलं की घोट्याची राखण कमी होते. प्रत्येक टप्प्यावर त्याला स्वतःला ० ते १० मध्ये भरवसा किती वाटतो ते विचार आणि लिहून ठेव.

साधना_क
अस्थिपंजर सर, चेंडूची युक्ती मी गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर वापरते. घोट्यासाठी सुचली नव्हती, उद्याच करून बघते. आणि यंत्र मागणाऱ्या पेशंटबद्दल लिहायला घेतलंय. मालकांचा भाग ठेवावा की गाळावा?

वसंत
मालकांना गाळा, पेशंटचं संभाषण जसंच्या तसं ठेवा. मसुदा इथे टाकलात तर बघून देईन.

नवशिकी
सर्वांना खूप धन्यवाद. तळटीप, टाचा उचलणं १२ वेळा, ३ सेट, वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. तोल ३० सेकंद, पहिले दोन आठवडे डोळे उघडे, मग मिटून. अस्थिपंजर सर, तो पहिल्या दिवशीही चार पावलं चालू शकत होता, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला दाबून बघितलं, दुखलं नाही. दोन्ही गोष्टी टिपणात घालते.

गुरुवारी तो येतोय. पायरी आणि चेंडू करून बघते आणि भरवशाचे आकडे इथेच लिहिते.

अस्थिपंजर
दोन्ही पायांचे आकडे घे. डाव्याचाही.